गुन्हेगारांचे वर्तनविश्लेषण

गुन्हास्थळाची अवस्था, जखमांचे स्वरूप, गुन्ह्याची जागा व वेळ, बळी पडलेल्या व्यक्तीची निवड आणि गुन्ह्यापूर्वीचे व नंतरचे वर्तन यांचा एकत्रित अभ्यास करून अज्ञात गुन्हेगाराचे वय, सवयी, मानसिक घडण, राहण्याचा परिसर इत्यादींविषयी अनुमान काढण्याच्या पद्धतीस गुन्हेगारांचे वर्तनविश्लेषण म्हणतात. खून, बलात्कार, अपहरण, जाळपोळ यांसारख्या हिंसक गुन्ह्यांच्या, विशेषतः एकाच व्यक्तीने वा टोळीने केलेल्या गुन्हेमालिकांच्या तपासात तिचा उपयोग करतात. अंगुलिमुद्रा किंवा रक्ताचा डाग विशिष्ट व्यक्तीकडे निर्देश करतो. वर्तनविश्लेषण मात्र व्यक्तीकडे नव्हे, तर व्यक्तीच्या प्रकाराकडे निर्देश करते. त्यामुळे ते पुरावा ठरत नाही. तपासाची दिशा ठरविण्याचे ते एक साधन होय.

या पद्धतीत दोन संकल्पनांना महत्त्व आहे. पहिली कार्यपद्धती : गुन्हा यशस्वी व्हावा व आपण सापडू नये यासाठी गुन्हेगार ज्या युक्त्या योजतो, त्यांचा समुच्चय म्हणजे कार्यपद्धती. ती अनुभवाने बदलत जाते. दुसरी व्यक्तिविशिष्ट खूण : गुन्हा पार पाडण्यासाठी आवश्यक नसलेले, परंतु गुन्हेगाराच्या मानसिक गरजेतून उद्‌भवणारे वर्तन. ते सहसा बदलत नाही, असे मानले जाते. वेगवेगळ्या ठिकाणी घडलेले गुन्हे एकाच हातून घडले आहेत किंवा काय, हे ठरविताना या दोहोंचा विचार करावा लागतो.

पूर्वपीठिका : वर्तनावरून गुन्हेगाराचा शोध घेण्याची कल्पना महाराष्ट्रात नवी नाही. पेशवाईच्या काळात गावच्या रामोशी, महार, भिल्ल इ. जागल्यांवर चोराचा माग काढण्याची जबाबदारी असे. पावलांच्या ठशांवरून चालणाऱ्याची ठेवण, त्याच्यावरील ओझे, चालीतील लंगडेपणा यांची अनुमाने ते करीत. माग दुसऱ्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन तो त्या गावाच्या स्वाधीन केला म्हणजे पहिल्या गावाची जबाबदारी संपे. तसे न झाल्यास नुकसानभरपाईचा बोजा गावावर पडे. माउंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ मध्ये पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात या व्यवस्थेचे वर्णन आहे. येथे अनुमान एका विशिष्ट पावलाविषयी होते व शिवेवर दुसऱ्या गावाच्या जागल्यांकडून ते पडताळले जात असे, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

ब्रिटिश अमदानीत या दृष्टीला वेगळे वळण लागले. विल्यम स्लीमन याने १८३० नंतरच्या दशकात ठगांच्या बंदोबस्तासाठी माफीच्या साक्षीदारांकडून त्यांची सांकेतिक भाषा, वंशावळी आणि खून करण्याच्या पद्धती यांची तपशीलवार नोंद केली. १८३६ च्या कायद्याने ठगांच्या टोळीचा घटक असणे हाच गुन्हा ठरला. विशिष्ट कृत्य सिद्ध करण्याऐवजी समूहाशी असलेला संबंध सिद्ध करणे पुरेसे मानण्याची प्रथा येथून रूढ होऊ लागली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती अधिनियमाने तिचा विस्तार केला. आरंभी उत्तर भारतापुरता असलेला हा कायदा १९११ मध्ये मुंबई व मद्रास इलाख्यांसही लागू करण्यात आला. अधिसूचित जमातींतील स्त्रीपुरुषांची नोंदणी, त्यांच्या हालचालींवर निर्बंध, ठराविक वेळी हजेरी व वसाहतींत सक्तीचा निवास या त्यातील प्रमुख तरतुदी होत्या. मुंबई इलाख्यातील पोलीस अधिकारी एम्. केनेडी याचा इलाख्यातील गुन्हेगार वर्गांविषयीचा ग्रंथ १९०८ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणती जमात घरफोडी कशी करते, वेष कोणता घेते, हत्यारे कोणती वापरते, यांची वर्णने त्यात जमातवार दिलेली आहेत. निरीक्षणांच्या दृष्टीने असे ग्रंथ वर्तनविश्लेषणाचे पूर्वरूपच होत. मात्र वर्तनाचे मूळ व्यक्तीत न शोधता जन्मात शोधल्यामुळे त्यांतील निष्कर्ष चुकले, आणि त्याची किंमत लक्षावधी निरपराध माणसांना मोजावी लागली.

कोल्हापूर संस्थानातील हजेरीबंदी : या विचारसरणीस कृतीने दिलेले एक आरंभीचे उत्तर कोल्हापूर संस्थानात आढळते. राजर्षी शाहू छत्रपती (१८७४–१९२२) यांनी १९१८ मध्ये महार, मांग, रामोशी व बेरड या जातींच्या लोकांवर लादलेली हजेरीची पद्धत बंद केली. गावात चोरी झाली की, याच जातींच्या लोकांना प्रथम चावडीवर बोलावण्यात येई. हजेरीच्या सक्तीमुळे कामधंद्यासाठी परगावी जाणेही त्यांना अवघड होई. उपजीविकेची वाट बंद झालेला माणूस चोरीकडे वळला, तर त्याच्या जातीविषयीचा ग्रह खरा ठरल्यासारखा भासे. शाहू महाराजांनी हे चक्र ओळखले. चोरीसाठी बदनाम झालेल्या फासेपारध्यांना त्यांनी संस्थानच्या चाकरीत घेऊन पहाऱ्यासारखी विश्वासाची कामे सोपविली. परिस्थिती बदलली असता वर्तन बदलते, हे तत्त्व त्यात गृहीत होते. ब्रिटिश हिंदुस्थानातील गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द होण्यास मात्र १९५२ साल उजाडावे लागले.

पाश्चात्त्य देशांतील विकास : आधुनिक तपासशास्त्राचा पाया ऑस्ट्रियातील दंडाधिकारी हान्स ग्रोस (१८४७–१९१५) याने घातला. तपासाधिकाऱ्यांसाठी त्याने लिहिलेला ग्रंथ १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि भारतीय परिस्थितीस अनुरूप असे त्याचे इंग्रजी रूपांतर १९०६ मध्ये मद्रास येथे निघाले. गुन्हेगाराच्या मनाचा अभ्यास हा तपासाचा भाग आहे, हे त्याने आग्रहाने मांडले. तत्पूर्वी १८८८ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपेल भागातील स्त्रियांच्या खुनांसंबंधी टॉमस बाँड या पोलीस शल्यवैद्याने एक टिपण तयार केले होते. पाचही खून एकाच हातचे असून खुनी अंगात बळ व धाडस असलेला, परंतु दिसावयास शांत व निरुपद्रवी माणूस असावा, त्यास शरीररचनेचे ज्ञान नसावे, असे अनुमान त्याने जखमांच्या अभ्यासावरून काढले. खुनी कधीच न सापडल्याने या अनुमानाचा पडताळा घेता आला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यातील पोलीस अधिकारी एल्. डब्ल्यू. ॲचर्ली याने गुन्ह्यांची कार्यपद्धतीनुसार वर्गवारी करणारी नोंदपद्धती सुरू केली.

न्यूयॉर्क शहरात १९४० पासून ठिकठिकाणी बाँब ठेवणाऱ्या अज्ञात इसमाविषयी जेम्स ब्रसेल या मनोविकारतज्ज्ञाने १९५६ मध्ये दिलेले वर्णन प्रसिद्ध आहे. जानेवारी १९५७ मध्ये जॉर्ज मेटेस्की यास अटक झाली, तेव्हा त्या वर्णनातील अनेक गोष्टी जुळल्याचा मोठा गाजावाजा झाला. वस्तुतः ज्या वीज कंपनीविरुद्ध त्याचा राग होता, तिच्या कचेरीतील एका महिला कर्मचाऱ्याने जुन्या फायली चाळून त्याच्या पत्रांतील शब्दप्रयोग ओळखले होते. वर्णन प्रसिद्ध केल्यामुळे गुन्हेगार पत्रे लिहिण्यास प्रवृत्त झाला, एवढे श्रेय ब्रसेल याच्या सल्ल्यास द्यावे लागते. शोध लागला तो मात्र कागदपत्रांमुळे.

अमेरिकेच्या केंद्रीय अन्वेषण संस्थेने (एफ्‌बीआय) १९७२ मध्ये वर्तनशास्त्र विभाग स्थापन केला. रॉबर्ट रेस्लर व जॉन डग्लस या अधिकाऱ्यांनी तुरुंगातील ३६ खुन्यांच्या मुलाखती घेतल्या आणि त्यांच्या आधारे ‘संघटित’ व ‘असंघटित’ असे गुन्हेगारांचे दोन वर्ग कल्पिले. योजनापूर्वक गुन्हा करून मागे खूण न ठेवणारा तो संघटित. क्षणिक आवेगाने गुन्हा करून घटनास्थळ अस्ताव्यस्त सोडणारा तो असंघटित. देशभरातील हिंसक गुन्ह्यांची तुलना करण्यासाठी १९८५ मध्ये एक मध्यवर्ती संगणकीय नोंदव्यवस्थाही सुरू करण्यात आली. इंग्लंडमध्ये डेव्हिड कँटर याने १९८६ मध्ये लंडनच्या रेल्वे स्थानकांच्या परिसरातील बलात्कार व खुनांच्या मालिकेत पोलिसांना साहाय्य केले. गुन्ह्यांच्या जागांवरून त्याने गुन्हेगाराच्या निवासाचा भाग सुचविला आणि आधीच संशयितांच्या यादीत असलेल्या जॉन डफी याच्याकडे पोलिसांचे लक्ष वेधले. कॅनडातील पोलीस अधिकारी किम रॉस्मो याने गुन्ह्यांच्या ठिकाणांवरून निवासस्थानाचे गणिती अनुमान करण्याचे तंत्र १९९० नंतरच्या दशकात विकसित केले.

महाराष्ट्रातील काही प्रकरणे : मुंबईत १९६५-६६ मध्ये व पुन्हा १९६८ मध्ये पदपथांवर व झोपड्यांत झोपलेल्या लोकांवर रात्री हल्ले होऊन अनेकांचे प्राण गेले. बळी पडलेल्यांपैकी बहुतेक गरीब व परस्परांशी अपरिचित होते. प्रहार सामान्यतः डोक्यावर व बोथट हत्याराचे असत. चोरी झालीच तर ती क्षुल्लक वस्तूंची असे. नेहमीचा हेतू दिसत नसल्याने तपास अवघड झाला. गुन्हे शाखेचे उपायुक्त रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे तपासाची सूत्रे होती. ऑगस्ट १९६८ मध्ये उपनिरीक्षक ॲलेक्स फियालो यांनी उपलब्ध छायाचित्र व वर्णन यांवरून रामन राघव यास रस्त्यात ओळखले. खालच्या न्यायालयाने त्यास देहान्ताची शिक्षा दिली. परंतु उच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या मनोविकारतज्ज्ञांनी तो जुनाट स्वरूपाच्या संभ्रमी छिन्नमानसाने पीडित असल्याचा निर्वाळा दिल्यानंतर ती शिक्षा जन्मठेपेत परिवर्तित झाली. १९९५ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. गुन्हेगाराच्या मनाचा अभ्यास येथे तपासापेक्षा न्यायदानास अधिक उपकारक ठरला.

पुण्यात जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात झालेल्या दहा खुनांची मालिका ‘जोशी-अभ्यंकर हत्याकांड’ या नावाने ओळखली जाते. त्यांत अनेक बळींचे प्राण गळा आवळून घेण्यात आले होते व नायलॉनच्या दोरीचा वापर केलेला होता. घरांत शिरून संपूर्ण कुटुंबे नष्ट करणारी टोळी सराईत दरोडेखोरांची असावी, असा लोकांचा ग्रह होणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात गुन्हेगार निघाले ते शहरातील एका कलामहाविद्यालयाचे विद्यार्थी. राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप व मुनव्वर शाह यांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवडा कारागृहात फाशी देण्यात आली. शिक्षण, वय वा सामाजिक थर यांवरून गुन्हेगाराचा प्रकार ठरविण्यातील धोका या प्रकरणाने दाखवून दिला.

कोल्हापूरचे बालअपहरण व बालहत्या प्रकरण : वर्तनविश्लेषणाची उपयुक्तता आणि त्याच्या मर्यादा या दोन्ही दृष्टींनी कोल्हापूर येथे चाललेला हा खटला विशेष अभ्यसनीय आहे. अंजनाबाई गावित आणि तिच्या मुली रेणुका शिंदे व सीमा गावित या गर्दीच्या ठिकाणी, जत्रांत व देवळांत, पाकीटमारी व दागिन्यांची चोरी करीत. चोरी करताना पकडले गेल्यास कडेवरील मूल पाहून लोक दया दाखवितात व सोडून देतात, असे त्यांच्या अनुभवास आले. त्यातून लहान मुले पळवून आणून त्यांचा चोरीसाठी उपयोग करण्याचा आणि ती अडचणीची ठरू लागली म्हणजे त्यांना ठार करण्याचा प्रकार सुरू झाला. १९९० ते १९९६ या काळात कोल्हापूर, पुणे, नाशिक, मुंबई व परिसरातून तेरा मुलांचे अपहरण झाल्याचा आरोप या तिघींवर ठेवण्यात आला. पहिले मूल एका भिकारणीचे होते. कोल्हापुरात चोरी करताना सीमा पकडली गेली असता जमावाचे लक्ष दुसरीकडे वळविण्यासाठी त्या मुलास जमिनीवर आपटण्यात आले आणि पुढे त्याचा जीव घेण्यात आला.

या मालिकेत कार्यपद्धती ठळक होती : गर्दीची जागा, कडेवर बसणारे लहान वय, आईचा डोळा चुकल्याचा क्षण आणि स्त्रियांनी मूल नेल्यास कोणासही संशय न येणे. तरीही सहा वर्षे कोणालाही ही मालिका दिसली नाही. प्रत्येक मूल वेगळ्या शहरातून नाहीसे झाले होते. प्रत्येक ठाण्याची नोंदवही स्वतंत्र होती. बळी पडलेल्यांत अशा आईबापांची मुले होती की, ज्यांचा शब्द ठाण्यात पोहोचणेच दुरापास्त. वेगवेगळ्या हद्दींतील गुन्ह्यांमधील संबंध ध्यानात न येणे, या दोषाकडे अमेरिकन गुन्हाशास्त्रज्ञ स्टीव्हन एगर याने १९८४ मध्येच लक्ष वेधले होते. नोंदच झाली नाही, तर तुलना कशाची करावयाची, हा प्रश्न कोल्हापूरच्या प्रकरणाने त्याच्याही पुढे जाऊन उपस्थित केला. शिवाय ज्या ३६ कैद्यांच्या मुलाखतींवर अमेरिकन वर्गवारी उभी होती, त्यांत एकही स्त्री नव्हती. आई व तिच्या दोन मुली एकत्रितपणे मुलांचे खून करतील, हे कोणत्याही प्रचलित वर्णनात बसणारे नव्हते.

छडा लागला तो एका आईमुळे. अंजनाबाईच्या पूर्वीच्या पतीच्या दुसऱ्या पत्नीची मुलगी नाहीशी झाली होती. या तिघींवर संशय घेऊन त्या मातेने तक्रार केली. नोव्हेंबर १९९६ मध्ये त्यांना अटक झाली. रेणुकेचा पती किरण शिंदे माफीचा साक्षीदार झाला आणि त्याच्या जबानीतून एकेक घटना उलगडत गेली. खटला उभा राहण्यापूर्वीच अंजनाबाई कोठडीत मरण पावली. कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने २००१ मध्ये दोघी बहिणींना देहान्ताची शिक्षा फर्माविली. मुंबई उच्च न्यायालयाने २००४ मध्ये पाच मुलांच्या खुनांबाबत व सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती कायम केली. राष्ट्रपतींनी २०१४ मध्ये दयेचा अर्ज फेटाळला. तथापि या अर्जाच्या निर्णयास शासनाकडून झालेल्या अक्षम्य विलंबाच्या कारणाने मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये शिक्षेचे जन्मठेपेत रूपांतर केले.

अलीकडील काळात कार्यपद्धतीच्या साम्याचा विचार दुसऱ्या एका संदर्भात झाला. डॉ. नरेंद्र दाभोलकर (पुणे, २० ऑगस्ट २०१३), गोविंद पानसरे (कोल्हापूर, १६ फेब्रुवारी २०१५, मृत्यू २० फेब्रुवारी), एम्. एम्. कलबुर्गी (धारवाड, ३० ऑगस्ट २०१५) आणि गौरी लंकेश (बंगळूर, ५ सप्टेंबर २०१७) यांच्यावर झालेल्या गोळीबारांत मोटारसायकलीवरून येणारे मारेकरी, बळींच्या दिनक्रमाची माहिती व जवळून केलेला गोळीबार या गोष्टी समान होत्या. परंतु साम्य हे केवळ शोधाचे निमित्त असते. संबंध प्रस्थापित करावयाचा तो गोळ्या व पुंगळ्यांच्या न्यायसहायक परीक्षणाने व साक्षीपुराव्याने. कर्नाटकाच्या विशेष तपास पथकाने कलबुर्गी व लंकेश यांच्या खुनांत एकच पिस्तूल वापरले गेल्याचा निष्कर्ष अशाच परीक्षणाच्या आधारे मांडला. दाभोलकर खटल्यात मे २०२४ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली व तिघांची निर्दोष मुक्तता केली.

मूल्यमापन : वर्तनविश्लेषणाची शास्त्रीय विश्वसनीयता वादग्रस्त आहे. कँटर व त्याच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये शंभर खुनांच्या तपशिलांची तपासणी केली, तेव्हा संघटित व असंघटित हे दोन स्वतंत्र वर्ग त्यांस आढळले नाहीत; बहुतेक गुन्ह्यांत दोन्हींची लक्षणे मिसळलेली होती. लंडनमधील विंबल्डन कॉमन येथे १९९२ मध्ये झालेल्या एका तरुणीच्या खुनाच्या तपासात मानसशास्त्रज्ञाने केलेल्या वर्णनाशी जुळतो म्हणून एका माणसाभोवती पोलिसांनी अनेक महिने सापळा रचला. १९९४ मध्ये न्यायाधीशांनी तो पुरावा तीव्र शब्दांत नाकारला. खरा गुन्हेगार दुसराच असल्याचे पुढे जनुकीय परीक्षणाने उघडकीस आले व २००८ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला. मधल्या काळात त्याच्या हातून आणखी एका मातेचा व तिच्या मुलीचा खून झाला होता. एका निरपराधावर खिळलेली दृष्टी दुसऱ्या निरपराधांच्या जिवावर बेतते, हा या घटनेचा धडा होय.

भारतीय पुराव्याच्या कायद्याने याबाबत प्रथमपासून सावधगिरी बाळगली आहे. आरोपीचे पूर्वीचे वाईट चारित्र्य हा त्याच्याविरुद्ध सामान्यतः ग्राह्य पुरावा नव्हे, तसेच पोलिसांपुढील कबुलीजबाब त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही, ही १८७२ च्या अधिनियमातील तत्त्वे १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहेत. नार्को चाचणी, असत्यशोधक चाचणी व मेंदूच्या विद्युत् प्रतिसादांची चाचणी व्यक्तीच्या संमतीवाचून करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला. नोंदींच्या बाबतीतही सुधारणा झाल्या आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग १९८६ मध्ये स्थापन झाला व पोलीस ठाण्यांना संगणकाने जोडण्याची योजना २००९ मध्ये हाती घेण्यात आली. हरवलेल्या प्रत्येक बालकाच्या तक्रारीची प्रथम खबर म्हणून नोंद करावी व अपहरणाचे गृहीत धरून तपास करावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला. कोल्हापूरच्या प्रकरणात ज्या गोष्टीची सर्वांत अधिक उणीव भासली, ती हीच होती.

सारांश, वर्तनविश्लेषणाचे बळ निरीक्षणांच्या अचूकपणात व नोंदींच्या पूर्णतेत असते. अनुमान कृत्यापासून व्यक्तीकडे जाते व प्रत्येक पायरीवर पडताळले जाते, तोवर ते तपासाला उपकारक ठरते. जातीपासून, वेषापासून किंवा वस्तीपासून आरंभ करून ते कृत्याकडे जाऊ लागले, म्हणजे त्याची चावडीवरील हजेरी होते. भिकारणीच्या मुलाची व पदपथावर झोपणाऱ्या मजुराची नोंद इतरांइतक्याच काळजीने होणे, ही या शास्त्राची पहिली गरज आहे. मनाच्या अभ्यासाचे काम त्यानंतर सुरू होते.